अगदी शंभर नाही

"किती टंच?" ह्यांनी दारातूनच विचारलं.

भट्टी तशीच टाकून जिना चढून आले होते. हातातले जाड मोजेसुद्धा काढले नव्हते. कपाळावर घाम, अंगाला तेजाबाचा तो आंबूस, नाकात टोचणारा वास. मी दवाखान्याचा कागद मांडीवर पालथा ठेवून बसले होते. शेजारी पलंगावर गार्गी, दहा महिन्यांची, लाकडी चमचा चोखत होती.

"अहो, सोनं आहे का ते, टंच विचारायला?"

"मग काय विचारू? शंभरात किती ऐकू येतंय? आकडा आसंल की त्यात."

आकडा नव्हता. इंग्रजीतल्या दोन ओळी होत्या, खाली सही आणि निळा शिक्का.

आम्ही तेव्हा कोईमतूरला होतो. आमच्या विट्याकडची माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. सोनारांकडचं जुनं सोनं वितळवायचं, तेजाबात घालून त्यातली खोट काढायची आणि चोख करून परत द्यायचं. खाली दुकान, वर आम्ही. सोन्यात चोख किती, तो आकडा म्हणजे टंच, आणि आमच्या घरात माणसंसुद्धा टंचावर मोजली जायची. मला बघायला आले तेव्हा आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्या वडिलांना म्हणाल्या होत्या, "पोरगी ब्याण्णव टंचाची हाय. पण इंग्रजी घिऊन बी. ए. झालीय, म्हणून शंभर धरतो." सगळे हसले. वडीलही हसले. मीही चहाचा ट्रे धरून हसले होते.

त्या इंग्रजीवर माझं त्या घरात चाललं. ह्यांना बाजारापुरतं तमिळ यायचं, पण वाचायचं सगळं माझ्याकडे. बँकेची पत्रं, गॅसचे कागद, गार्गीच्या लसींचं कार्ड. "आमच्या मंडळींना दाखवतो," असं हे गिऱ्हाइकाला सांगायचे तेव्हा खालून मला ऐकू यायचं, आणि बरं वाटायचं.

ऐकू यायचं. खालचं सगळंच वर ऐकू यायचं. भट्टीचा ब्लोअर दिवसभर घोंघावायचा, ऐरणीवर हातोडा पडायचा, कामगार एकमेकांना हाका मारायचे. आणि त्या सगळ्यात गार्गी दोन-दोन तास झोपायची. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका म्हणायच्या, किती गुणाची पोर! आत्या तिची दृष्ट काढायच्या. मी मात्र कुकरच्या शिट्ट्या मोजत असायचे. शिट्टी झाली की मी दचकायचे आणि तिच्या पापण्यांकडे बघायचे. पापण्या हलत नव्हत्या. एक दिवस, दोन दिवस, अकरा दिवस. मी कॅलेंडरवर बारीक फुल्या करत होते. बाविसाव्या फुलीला मी ह्यांना सांगितलं.

"तुला खोट काढायची सवयच लागलीय," हे म्हणाले. "गलाईवाल्याची बायको शोभतीस."

पण नको म्हणाले नाहीत. त्या दिवशी सकाळी रिक्षा करून मी एकटीच गार्गीला घेऊन गेले. दुकानात माल आला होता, ह्यांना निघता येण्यासारखं नव्हतं.

कान तपासणाऱ्या डॉक्टर शेन्बगम माझ्याच वयाच्या असतील. केसांत अबोलीचा गजरा, आवाज मऊ. जाड पडदे लावलेल्या खोलीत गार्गीला माझ्या मांडीवर बसवून त्या तिच्या मागे गेल्या. घंटा वाजवली. खुळखुळा वाजवला. मग एका पेटीतून शिट्टीसारखे आवाज काढले, एकेक चढे. शेवटचा एवढा चढा होता की माझ्या दाढा शिवशिवल्या. गार्गी माझ्या मंगळसूत्राची वाटी तोंडात घालायच्या खटपटीत होती.

त्यांनी सावकाश कागद लिहिला. मग मान डोलावत हसून म्हणाल्या, "नॉट क्वाइट, मा."

तो कागद आता माझ्या मांडीवर होता.

"वाच की," हे म्हणाले.

मी वाचलं. "रिस्पॉन्सेस नॉट क्वाइट अप टु द मार्क फॉर एज. रिपीट आफ्टर थ्री मंथ्स."

"आन म्हंजे?"

आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या. हात पिठाचे. नात बघायला विट्याहून आल्या त्याला सहा महिने होऊन गेले होते. "काय म्हणाली डॉक्टरीण? सरळ सांग. पोरीत खोट हाय का?"

खोट. त्यांनी तो शब्द नेहमीसारखाच उच्चारला, सोन्यातल्या तांब्याविषयी बोलावं तसा. पण त्यांच्या थोरल्या सुनेची, पद्माताईंची, मुलगी एका पायानं अधू जन्मली होती. थोरले दीर मदुरैला दुकान चालवतात. पद्माताई आणि मुलगी पाच वर्षं गावाकडे. त्यांना घालवून दिलं असं कोणीच म्हणत नव्हतं. "तिकडची हवा मानवती पोरीला," असं म्हणायचे. दिवाळीला दीर चार दिवस जाऊन यायचे. माझ्या लग्नात पद्माताई मला साडी नेसवताना म्हणाल्या होत्या, "बॅग कायम भरलेली ठिव, वृषाली." मला वाटलं, थट्टा करतात.

"खोट नाही हो आत्या," मी म्हणाले.

"मग?"

"नॉट म्हणजे नाही. क्वाइट म्हणजे अगदी." मी शब्दावर बोट ठेवत म्हणाले. "म्हणजे... अगदी शंभर नाही. असं लिहिलंय."

ह्यांनी हातमोजे काढले. एक, मग दुसरा. "अगदी शंभर न्हाई?"

"हो."

"म्हंजे नव्याण्णव पन्नास?"

मी काही बोलले नाही. तेवढ्यानं त्यांचा चेहरा खुलला. आमच्या धंद्यात नव्याण्णव पन्नास म्हणजे चोखच धरतात. शंभर कोणाच्याच भट्टीतून निघत नाही, असं हे नेहमी म्हणायचे. "अगं मग रडतीस कशाला? मला वाटलं काय सांगतीस न् काय न्हाई! आये, ऐकलंस का? नव्याण्णव पन्नास हाय तुझी नात. आपला तर सगळ्यांचा टंच नव्वदच्या खालीच. बाबांला तर हाक मारली तर 'आं?' म्हणायचे."

"बाबाचं नाव नगं काढूस," आत्या म्हणाल्या. "त्येंला ऐकू यायचं सगळं. माझंच तेवढं यायचं न्हाई." पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. त्या तशाच पिठाच्या हातांनी आत गेल्या आणि पितळेची परात घेऊन आल्या. "कागद ऱ्हाऊ द्या. मी बघतो कसावर घासून." आमच्याकडच्या जुन्या बायका 'बघतो', 'जातो' असंच बोलतात. "हिकडं बसीव तिला."

मी गार्गीला पलंगावरून उचललं आणि खाली फरशीवर बसवलं. चमचा तिच्या हातात दिला. तोंड खिडकीकडे केलं.

आत्या तिच्या मागं उकिडव्या बसल्या आणि परात दाणकन फरशीवर आपटली.

गार्गी वळली. चमचा टाकून, डोळे मोठे करून, सबंध वळली. आत्यांच्या पांढऱ्या हातांकडे बघून हसली.

"ही बघ!" आत्या ओरडल्या. "ऐकतीय की बया! कशाला दवाखान्याला पळवली पोरीला? आगं हिचा बाप, आमचा सुहास, चार वर्सांचा हुईस्तवर 'आई' म्हणला न्हवता. घ्या, आता बोलून बोलून डोकं खातोय." त्यांनी परात पुन्हा आपटली. गार्गी खिदळली. ह्यांनी तिला उचलून वर फेकलं, झेललं. मोज्यांच्या आतला पांढरा चुरा तिच्या झबल्याला लागला.

"आन ते शेवटचं काय?" वर फेकता फेकता हे म्हणाले. "थ्री मंथ्स?"

"तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा, म्हणजे... दाखवायचं असलं तर. वाढीबरोबर भरून येतं म्हणे."

हे खाली जाताना जिन्यातच कामगारांना ओरडून सांगत गेले, आणि संध्याकाळी म्हैसूरपाक आणला. मी तो कागद डब्यात लसीच्या कार्डाखाली ठेवला.

तीन महिन्यांनी धाकट्या दिरांचं लग्न निघालं. आम्ही विट्याला गेलो. मग गार्गीला गोवर झाला. मग माझी आई आजारी पडली. मग पावसाळा होता, मग दसरा होता. कारण शोधावं लागत नाही, ते येऊन बसतं. गार्गी चालायला लागली वेळेवर. दातही वेळेवर. घास भरवताना "आ" करायची ते इतकं गोड करायची की बघणाऱ्याला वाटावं, आता बोलेल. आत्या म्हणायच्या, बापावर गेलीय. हे म्हणायचे, माझ्यावर गेलीय. मी कुकर लावायचे आणि शिट्टीच्या वेळी मुद्दाम दुसऱ्या खोलीत जायचे.

कॅलेंडर बदललं. नव्या कॅलेंडरवर मी फुल्या केल्या नाहीत.

ती सव्वातीन वर्षांची झाली तेव्हा एकदा दुकानापुढच्या रस्त्यावर गेली. मागून टेम्पो आला. ड्रायव्हर हॉर्नवर हात दाबून धरून होता, सगळा रस्ता बघायला लागला, आणि गार्गी खाली बसून रांगोळीतला रंग बोटानं उचलत होती. ह्यांनी दुकानातून धावत जाऊन तिला उचललं. तिला घेऊन वर आले. ती पाठमोरी बसली तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. मग डबा वाजवला. मग तिच्या नावानं एवढ्या मोठ्यानं ओरडले की खालचा ब्लोअर कुणीतरी बंद केला.

चार दिवसांनी आम्ही मिरजेला होतो. "आपल्या माणसाला दाखवू," हे म्हणाले. "आसंल ते मराठीत सांगंल."

मिरजेचे डॉक्टर वयस्कर होते. झोपेचं औषध देऊन गार्गीच्या डोक्याला तारा लावून तपासणी झाली. आम्हाला बाहेर बसवलं होतं. बाकावर हे माझ्या शेजारी बसून दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून होते. हातांवर तेजाबाचे जुने पिवळे डाग होते. डॉक्टरांनी आत बोलावलं.

"दोन्ही कान," ते म्हणाले. "जवळजवळ काहीच नाही. आधी कधी दाखवलं होतं का?"

"दाखवलंवतं की," हे म्हणाले. "दहा महिन्यांची आसताना. चिठ्ठी हाय. दे गं."

मी डबाच घेऊन आले होते. कागद काढून दिला. डॉक्टरांनी चष्मा वर करून तो वाचला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"अहो, हे तर त्यांनी तेव्हाच लिहिलंय. तीन महिन्यांनी पुन्हा करा म्हणून लिहिलंय. हे कुणी वाचलं नाही का?"

"वाचलं की. आमच्या मंडळींना इंग्रजी येतं. त्यांनी तिथल्या तिथं वाचून दाखवलं." ह्यांचा आवाज चढला होता. माझ्यासाठी भांडत होते. "पण लिहिणाऱ्यानं तसलं गुळमुळीत लिहिलंय, साहेब, त्याला ह्या तरी काय करणार? अगदी शंभर न्हाई, असं लिहिलंय त्यात. तुमीच सांगा, अगदी शंभर न्हाई म्हणल्यावर माणूस काय समजंल?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी गार्गीच्या पायातला मोजा नीट करत होते. ती औषधानं अजून झोपेतच होती.

"बोलायला शिकायची पहिली दोन-अडीच वर्षं असतात," ते शेवटी म्हणाले. माझ्याशीच बोलत होते. "तेवढ्यात कानात आवाज गेला पाहिजे. आता मशीन देऊ. ऑपरेशनचंही बघता येईल. पण जे गेलं ते..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. ते मराठीच होते, तरी त्यांनीही पुरं केलं नाही.

बाहेर आल्यावर हे बाकावर बसले आणि म्हणाले, "तुझी चूक न्हाई वृषाली. सरळ लिहाय काय जातंय त्यांचं?"

पद्माताईंसारखं माझं काही झालं नाही. आत्यांनी एकदासुद्धा खोट हा शब्द काढला नाही. मिरजेच्या शाळेसाठी आम्हाला इकडे घर करून दिलं ते ह्यांनीच. महिन्या-दोन महिन्यांनी येतात. येताना गार्गीला खाऊ, मला साडी. ज्याची मला भीती होती ते घडणारच नव्हतं. त्या भीतीपायी मी काय केलं, हे ज्याला सांगायचं तो माणूस अजून लोकांपुढे माझी बाजू घेतो.

म्हणून इथे लिहिते.

त्या दिवशी मी कोईमतूरच्या दवाखान्यातून आले तेव्हा हे लगेच वर आले नव्हते. मध्ये अर्धा तास गेला होता. त्या अर्ध्या तासात मी माळ्यावरची पेटी काढून माझी कॉलेजची वही शोधली होती. टी. वाय.ची. आम्हाला इंग्रजी शिकवायला देवस्थळीबाई होत्या. त्यांनी एक अख्खा तास 'कमी पडणं' इंग्रज कसं सांगतो यावर घेतला होता. वहीत माझ्याच वळणदार अक्षरात यादी होती. नॉट क्वाइट. अ लिटल शॉर्ट ऑफ. नॉट अप टु द मार्क. लीव्ह्ज समथिंग टु बी डिझायर्ड. आणि खाली बाईंचं वाक्य, चौकटीत: 'इंग्रजीत आपला च नाही. तो इंग्रजांनी गिळून टाकलाय. इंग्रज माणूस नॉट क्वाइट म्हणाला की आपण मनातल्या मनात च घालून घ्यायचा. अगदी नाही असं नव्हे, अगदीच नाही असं समजायचं.'

परीक्षेत त्यावरच्या प्रश्नाला मला दहापैकी दहा मिळाले होते.

आणि डॉक्टर शेन्बगम यांनी तर तेवढ्यावर सोडलंही नव्हतं. दारापर्यंत येऊन माझा दंड धरून त्या म्हणाल्या होत्या, "थ्री मंथ्स. मस्ट. डोन्ट डिले, मा." हे कागदावर नव्हतं. ऐकायला मी एकटीच होते.

आणि फरशी. दवाखान्यात माझ्या मांडीवर तिनं त्या सगळ्या आवाजांना दाद दिली नव्हती. पलंगावर कापसाची जाड गादी होती. आत्यांनी "हिकडं बसीव" म्हटलं तेव्हा हात पलंगाकडेच केला होता. मी तिला फरशीवर बसवलं. खाली भट्टीत सोनं वितळवायची जड मूस कुणी आपटली की वर आमच्या तळपायांना हादरा कळतो, हे त्या घरात राहणाऱ्या बाईला माहीत असतं. बावीस फुल्या करणाऱ्या बाईला तर असतंच. गार्गी परातीला वळली नाही. ती हादऱ्याला वळली.

मला तीन महिने हवे होते. नुसते तीन महिने, पोरगी चोख असलेल्या घरात राहायला. एवढंच होतं. मग ते संपलेच नाहीत.

परवा हे आले होते. दुपारची जेवणं झाली होती, हे सतरंजीवर आडवे झाले होते. गार्गी दुसरीत आहे. कानामागे मशीन आहे, त्यातून तिला काय मिळतं ते तिलाच माहीत. काही शब्द येतात, ते मला आणि तिच्या बाईंनाच कळतात. पण अक्षर सुंदर आहे, माझ्यासारखं. गृहपाठाची वही घेऊन ती माझ्या मांडीशी येऊन बसली. वाक्यांत उपयोग करा. पहिला शब्द होता 'अगदी'. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं आणि भुवया वर केल्या.

'झाड'ची खूण आहे. 'पाऊस'ची आहे. 'अगदी'ची मला येत नव्हती. मी दोन्ही हात लांब पसरले, मग पेला हातात घेऊन तो काठोकाठ भरल्यासारखं केलं. ती बघत राहिली.

"सांग की नीट," हे डोळे मिटूनच म्हणाले. "तुला तर दोन-दोन भाषा येतात."

गार्गीनं पेन्सिल घेतली. जीभ दातांत धरून, एकेक अक्षर बसवून लिहिलं आणि वही माझ्यापुढे सरकवली.

'मला अगदी ऐकू येत नाही.'

ती माझ्या तोंडाकडे बघत होती, बरोबर की चूक. मी लाल पेन घेतलं. आणि 'अगदी'ला 'च' जोडला.